फोटोच्या मागची पेन्सिल

फोटोच्या मागे पेन्सिलीने एवढंच लिहिलं आहे: ‘एमजी, १९५६’. गाडीची कंपनी आणि साल, दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. अक्षर मात्र सुंदर आहे, तिरकं, सरावाचं, शाळेत वळण लावून घेतलेलं. ज्या कुणी लिहिलं त्याला किंवा तिला तेव्हा तिळमात्र शंका नसावी. आणि नेमकी हीच गोष्ट टोचत राहते. इंग्लंडमध्ये एखादं जुनं घर रिकामं केलं जातं, कपाटातली खोकी लिलावात किंवा जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात येतात, बुटांच्या खोक्यात दोनशे-तीनशे फोटो भरलेले असतात आणि त्यांतल्या एखाद्या फोटोत कुठेतरी एक उघडी, दोन माणसांची गाडी असते. घेणारा आधी फोटो उलटून मागची बाजू बघतो. तिथे काही लिहिलेलं असलं की त्याचं काम संपतं. पुढे तो फोटो जिथे जिथे जाईल तिथे ‘एमजी, १९५६’ हे शब्द त्याला चिकटून जातात.

फोटो साडेतीन इंचांचा, चौकोनी, काळा-पांढरा. एका कोपऱ्याला घडी पडून चीर गेली आहे. समुद्राकडे उतरत जाणारा रस्ता, डाव्या कडेला उंच गवताचा बांध, आणि त्या बांधाला अगदी खेटून लावलेली गाडी. टप मागे दुमडलेला. डोक्याला रुमाल बांधलेली एक मुलगी डावं दार उघडून उतरते आहे, एक पाय आत, एक पाय गवतात. तिच्या पुढे, गाडीच्या नाकाशी, खाण्याची वेताची टोपली ठेवलेली आहे. मागे एक दिशादर्शक पाटी, तिच्यावर ‘स्वानेज’ असं वाचता येतं. पाटीपलीकडे दुसऱ्या एका गाडीचं शेपूट दिसतं. मुलगी कॅमेऱ्याकडे बघत नाही. ती दाराकडे बघते आहे.

दार गवतात रुतलं आहे.

गाडी कुठली हे सांगायला तेवढं दार पुरतं. ट्रायम्फची टीआर२ ही गाडी १९५३ साली कोव्हेंट्रीत बनायला लागली. पहिल्या गाड्यांची दारं पार खालपर्यंत, अंगाच्या तळापर्यंत जात. दिसायला ते छान वाटायचं, पण फुटपाथ जरा उंच असला की दार त्यावर अडकायचं. तक्रारी आल्या आणि १९५४ च्या शरदात, टीएस ४००२ या क्रमांकाच्या गाडीपासून, दारं आखूड झाली. खाली पत्र्याची एक आडवी पट्टी दिसू लागली. म्हणून जुन्या गाड्यांच्या शौकिनांत ‘लांब दारांची’ आणि ‘आखूड दारांची’ असे सरळ दोन वर्ग आहेत. नाकाकडे पाहिलं की उरलीसुरली शंका जाते. टीआर२ चं तोंड म्हणजे एक खोल बोगदा आहे, जाळी बरीच आत बसवलेली. १९५५ च्या टीआर३ मध्ये तीच जाळी अंड्यांच्या ट्रेसारखी चौकडीची होऊन तोंडाशी आली आणि १९५७ पासूनच्या टीआर३ए मध्ये तोंड रुंद होऊन दिव्यांच्या खालपर्यंत पसरलं. या फोटोत जाळी दिसतच नाही, तोंडात नुसता अंधार आहे. म्हणजे १९५३ च्या उन्हाळ्यापासून १९५४ च्या शरदापर्यंत बनलेल्या थोड्या हजार गाड्यांपैकी ही एक. एमजी तर नाहीच. पण त्या काळच्या बोलण्यात दोन माणसांच्या कुठल्याही उघड्या गाडीला एमजी म्हणून मोकळं होणारे पुष्कळ होते, जसं आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडाच म्हणतात. लिहिणाऱ्याला दोष द्यावासा वाटत नाही.

सालाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. गाडी १९५४ ची आहे म्हणून फोटो १९५६ चा का असू नये? दिशादर्शक पाटीवरच्या अक्षरांमुळे. ‘स्वानेज’ हे नाव पहिलं अक्षर मोठं आणि बाकीची लहान, असं लिहिलेलं आहे. जुन्या ब्रिटिश पाट्यांवर गावांची नावं सगळी मोठ्या अक्षरांत असत. जॉक किनेअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या रचनाकारांनी नवी अक्षरं आणि नवी चिन्हं बसवली, ती आधी मोटरवेवर आली आणि साध्या रस्त्यांसाठीचे नियम १ जानेवारी १९६५ पासून लागू झाले. इथे एक खबरदारी घ्यावी लागते. नवी खूण दिसली तर फोटो तिच्यानंतरचा हे नक्की होतं; जुनी खूण दिसली तर काहीच ठरत नाही, कारण जुन्या पाट्या पुढे कित्येक वर्षं खेड्यापाड्यांत तशाच उभ्या होत्या. फोटोतलं साल काढताना सगळ्यात जास्त घसरण इथेच होते. जुनी पाटी, जुना टेलिफोनचा खोका, जुन्या पद्धतीचे कपडे बघून माणूस फोटो दहा वर्षं मागे ढकलतो. साल ठरवायचं ते फोटोतल्या सगळ्यात नव्या वस्तूवरून. या फोटोत ती मागच्या गाडीच्या शेपटावर आहे. मागची काच आत झुकलेली, म्हणजे फोर्ड अँग्लिया. आणि भिंगाखाली तिच्या नंबरपाटीचं शेवटचं अक्षर डी दिसतं. ब्रिटनमध्ये १९६३ पासून पाटीच्या शेवटी वर्षाचं अक्षर यायला लागलं, १९६५ पासून ते सगळीकडे सक्तीचं झालं, आणि डी म्हणजे १९६६. तेव्हा फोटो १९६६ चा किंवा त्यानंतरचा. साडेतीन इंची चौकोनी प्रिंटही या काळाशी जुळते, कारण १९६३ पासून कोडॅकच्या इन्स्टामॅटिक कॅमेऱ्यांनी असे चौकोनी फोटो घरोघरी नेले. अर्थात त्याआधीच्या रोलवरही चौकोनी फोटो निघत होते, म्हणून हा आकार दुजोरा देण्यापुरता. त्यावर भिस्त ठेवू नये.

दहा वर्षांचा फरक. पेन्सिल हातात घेणाऱ्याने बहुतेक खूप नंतर, आठवणीवर भिस्त ठेवून लिहिलं असणार, आणि त्याच्या मनात ती गाडी तिच्या काळाशी जोडलेली राहिली असणार.

पण त्या दहा वर्षांनी सगळं चित्रच पालटतं. १९५६ साली ही गाडी जवळजवळ नवीकोरी, ऐपतवाल्या माणसाची. १९६६ साली तीच गाडी बारा वर्षांची, तिसऱ्या-चौथ्या हातातली, मडगार्डच्या शिवणीतून गंज डोकावणारी, पगारदार तरुणाला परवडणारी. फोटो मोठा करून बघितला की डाव्या पुढच्या मडगार्डवर वेगळ्या छटेचा एक पट्टा दिसतो. तिथे कुणीतरी लांबी (पुट्टी) भरून हाताने रंग मारला आहे. एक हबकॅप नाही. बंपरवर एकही बिल्ला नाही. या गाडीला तेव्हा कुणी ‘क्लासिक’ म्हणत नव्हतं. ती जुनी गाडी होती, बस्स. आणि या फोटोची खरी किंमत मला तिथेच दिसते. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाचे तिचे फोटो जाहिरात खात्याने काढलेले असतात, शर्यतीत धावली असेल तर वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांनी काढलेले असतात. पन्नास वर्षांनी तिची पुनर्बांधणी होते तेव्हा दर स्क्रूचा फोटो निघतो. मधली वीस-पंचवीस वर्षं, जेव्हा ती स्वस्त होती, लोकांनी तिच्यातून सहली केल्या, भांडणं केली, तिला पावसात उघड्यावर ठेवलं, त्या वर्षांचा पुरावा फक्त घरगुती अल्बमांत असतो. तोही चुकीच्या मथळ्यांखाली.

म्हणून नंबरपाटी. पाटी वाचता आली की फोटोतली ‘एक टीआर२’ ही ‘ती टीआर२’ होते. इथे पाटीची अडचण टोपलीमुळे झाली आहे. पाटी तीन अक्षरं, तीन आकडे या जुन्या पद्धतीची. पहिलं अक्षर स्वच्छ. दुसरं पी, तेही स्वच्छ. तिसऱ्या अक्षराचा वरचा जेमतेम तिसरा हिस्सा टोपलीच्या कडेवर डोकावतो: डावीकडे उभी रेघ आणि वर उजवीकडे गेलेली आडवी. आकड्यांपैकी पहिले दोन वाचता येतात, तिसरा बंपरच्या सावलीत बुडाला आहे. आता पाटीवरची शेवटची दोन अक्षरं म्हणजे नोंदणी करणाऱ्या जिल्ह्याची किंवा शहराची खूण. ही पद्धत १९०४ पासूनची. उभी रेघ आणि वर आडवी, म्हणजे इंग्रजीतलं बी, डी, ई, एफ, पी किंवा आर. त्यांतले पीबी, पीडी, पीई, पीएफ हे चारही सरे जिल्ह्याचे. पीपी बकिंगहॅमशरचं. पीआर डॉर्सेटचं. आणि दिशादर्शक पाटीवर लिहिलेलं स्वानेज आहे डॉर्सेटमध्येच, त्यामुळे मन आपोआप पीआरकडे धावतं. तिथे मनाला आवरावं लागतं. लोक समुद्रावर येतात ते लांबून येतात. गोव्याच्या किनाऱ्यावर उभी असलेली गाडी गोव्याची असेलच असं कुणी धरून चालतं का? डॉर्सेटच्या किनाऱ्यावर, सुट्टीच्या दिवशी, खाण्याची टोपली घेऊन आलेली गाडी सरेची असण्याची शक्यताही तेवढीच आहे. अक्षराच्या सहा शक्यता, आकड्याच्या दहा. साठ नंबर.

साठ म्हणजे काही फार नाहीत. ब्रिटनच्या परवाना खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की त्या नंबराची गाडी आजही नोंदीत असेल तर तिची मेक, नोंदणीचं साल, रंग, इंजिनाची क्षमता दिसते. मालकाचं नाव दिसत नाही आणि दिसायलाही नको. टीआर२ चं इंजिन १९९१ सीसी, तेव्हा बाराशे सीसीची हॅचबॅक निघाली तर तो नंबर बाजूला ठेवायचा. बाजूला ठेवायचा, खोडायचा नाही. कारण ब्रिटनमध्ये नंबर गाडीपासून वेगळा काढून विकता येतो. नीट वाचता येणारा, अर्थ लागणारा जुना नंबर गाडीपेक्षा महाग असू शकतो. शेवटच्या मालकाने नंबर विकून गाडी भंगारात दिली असेल, किंवा गाडी अजून कुठेतरी वेगळ्या नंबराने फिरत असेल. साठही नंबरांत ट्रायम्फ न निघणं हेच जास्त संभवतं, आणि त्यालाही कारण आहे. १९७४ पर्यंत या नोंदी जिल्ह्याजिल्ह्याच्या कार्यालयांत वह्यांमध्ये आणि कार्डांवर होत्या. मग स्वान्सी इथे मध्यवर्ती संगणकीय नोंद सुरू झाली, आणि ज्यांच्या गाड्या बंद पडून गोठ्यात किंवा गॅरेजात उभ्या होत्या त्यांनाही जुनं लॉगबुक, म्हणजे गाडीचं नोंदणीपुस्तक, पाठवून नोंद करून घ्यायला सांगण्यात आलं. शेवटची तारीख होती ३० नोव्हेंबर १९८३. ज्यांना पत्ताच नव्हता, ज्यांनी टाळलं, त्यांच्या गाड्यांचे नंबर त्या दिवसानंतर हवेत विरले.

ते परत मिळवण्याची वाट आहे. व्ही७६५ नावाचा अर्ज करावा लागतो. पण त्यासाठी नंबर आणि चॅसी नंबर एकाच कागदावर, त्या काळातल्या, दाखवावे लागतात. जुनं लॉगबुक सगळ्यात भक्कम. नंतर जिल्ह्याच्या जुन्या वहीतल्या नोंदीची प्रत. काही जिल्ह्यांच्या वह्या स्थानिक दप्तरखान्यांत आहेत, पुष्कळशा ड्रॉइटविचजवळच्या किटहेड ट्रस्टने सांभाळल्या आहेत, आणि बऱ्याच संगणक आल्यावर रद्दी म्हणून गेल्या. मान्यताप्राप्त क्लबने गाडी तपासून शिफारस करावी लागते. नंबर परत मिळाला की तो त्याच गाडीचा, विकता येत नाही. या सगळ्यात घरगुती फोटोचं स्थान नेमकं समजून घेतलं पाहिजे, कारण इथे खूप जणांचा विरस होतो. फोटोत नंबर दिसतो, चॅसी नंबर दिसत नाही. म्हणून एकटा फोटो काहीच सिद्ध करत नाही. पण लॉगबुकातही भोकं असतात. मालकांच्या नावांचे रकाने भरले की नवं लॉगबुक मिळायचं, त्यावर आधीचं संपल्याची खूण असायची आणि पहिले चार-पाच मालक जुन्या पुस्तकाबरोबर नाहीसे व्हायचे. तिथे फोटो कामाला येतो. रंग कधी बदलला, जाळीतारांची चाकं कधी आली, मडगार्ड कुठल्या बाजूचं ठोकलं होतं, हे कुठल्याही लॉगबुकात नसतं; आणि गाडीचा रंग खरवडताना नेमका तिथेच लांबीचा जाड थर सापडतो.

तिसरा आकडा सावलीतून काढायचा कसा, हा सगळ्यात नाजूक भाग. प्रिंट सपाट काचेवर ठेवून किमान १२०० डीपीआयला स्कॅन करायची, रंगीत मोडवर, प्रिंट काळी-पांढरी असली तरी. पिवळे डाग आणि चंदेरी झाक वेगळ्या काढता येतात त्या त्यामुळेच. फाइल टिफमध्ये ठेवायची, जेपेगमध्ये नाही, कारण जेपेग आकड्यांच्या कडांभोवती स्वतःचे ठिपके पेरतं. स्कॅनरमधली ‘शार्प’ करण्याची सोय बंद. मग फक्त सावलीचा भाग हलकेच उजळायचा, आणि तोही मूळ फाइलच्या प्रतीवर. निगेटिव्ह मिळाली तर प्रिंटकडे वळायचंच नाही, कारण घरगुती प्रिंटमध्ये सावल्या बुजलेल्या असतात आणि निगेटिव्हमध्ये त्यांत अजून जीव असतो. आणि अलीकडची एक गोष्ट कळकळीने सांगाविशी वाटते. फोटो ‘सुधारून’ देणारी जी नवी साधनं फोनमध्ये आली आहेत त्यांच्या हातात नंबरपाटी देऊ नका. ती आकडा वाचत नाहीत, रचतात. धूसर डागाच्या जागी खणखणीत ८ बसवून देतात, आणि तो इतका पटतो की मूळ डाग बघायची कुणाला इच्छा उरत नाही. ३, ५, ६, ८ हे चार आकडे जुन्या पाट्यांवर एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. जिथे ‘३ किंवा ८’ एवढंच दिसतं तिथे ‘३ किंवा ८’ असंच लिहायचं. पेन्सिलीची चूक निदान माणसाची होती.

रंगाबाबतही तेच. काळ्या-पांढऱ्या फोटोवरून गाडीचा रंग सांगणारे आत्मविश्वासाने सांगतात आणि बहुधा चुकतात. कोडॅकची व्हेरिक्रोम फिल्म १९५६ पर्यंत ऑर्थोक्रोमॅटिक होती, तिला लाल रंग दिसतच नव्हता. १९४८ ची लालभडक एमजी टीसी त्या फिल्मवर जवळजवळ काळी येते, आणि निळी गाडी फिकट राखाडी, आकाश तर कोरं पांढरं. नंतरच्या पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग टिपणाऱ्या, फिल्मवर लाल आणि गर्द हिरवा एकाच करड्या छटेत येऊ शकतात. आधी फिल्म कुठली हे ठरवायचं. मुलीचे ओठ आणि मागच्या गाडीचे शेपटीचे दिवे काळेकुट्ट दिसतात का ते बघायचं, मगच रंगाबद्दल तोंड उघडायचं. कारखान्यातला मूळ रंग हवा असेल तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे जाता येतं. तिथे कारखान्यांच्या जुन्या नोंदींवरून दाखला देतात: बांधणीची तारीख, इंजिन नंबर, रंग, आतलं अस्तर, गाडी कुठे रवाना झाली. दाखला आणि फोटो यांचा मेळ बसत नाही तेव्हा खरी गंमत सुरू होते.

अशा वेळी फोटोतली एखादी बारीक गोष्ट सगळं ठरवते. जग्वारची ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात आली. कोव्हेंट्रीहून ९६०० एचपी या नंबराची बंद गाडी आधी गेली आणि ७७ आरडब्ल्यू या नंबराची उघडी गाडी कंपनीचा चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइसने रातोरात चालवत नेली. अगदी पहिल्या, साधारण पाचशे गाड्यांचं बॉनेट बाहेरून, दोन्ही बाजूंना किल्लीने उघडत असे. कुठल्याही जुन्या फोटोत बॉनेटच्या खालच्या कडेला, दाराच्या थोडं पुढे, ती कुलपाची गोल चकती दिसली की अंग शहारतं. उलट ऑस्टिन-हीली १००एम चं. कारखान्याने अशा ६४० गाड्या बनवल्या. बॉनेटवर हवेच्या फटी आणि कातडी पट्टा ही त्यांची खूण. पण तेच सामान ‘ल माँ किट’ म्हणून (ल माँ ही फ्रान्समधली प्रसिद्ध मोटरशर्यत) साध्या हीली १०० ला बसवून मिळायचं. तेव्हा १९५६ च्या फोटोत फटी आणि पट्टा दिसले तरी ती १००एम ठरत नाही. ती त्या दिवशी तशी दिसत होती एवढंच ठरतं. यावर लोक लाखो रुपयांचा सौदा करून बसतात. हीलीचा पत्रा जेन्सन कंपनीकडून यायचा आणि त्याचा क्रमांक बॉनेटच्या बिजागरीसारख्या भागांवर ठोकलेला असतो. तो आजही गाडीवर शोधता येतो. फोटो बघून भारावून गेल्यावर आधी बिजागरी बघावी.

एनओजे ३९३ या नंबराच्या हीलीच्या बाबतीत फोटोंचा भार वेगळ्याच अर्थाने जड होतो. ११ जून १९५५ ला ल माँच्या शर्यतीत लान्स मॅकलिन ही गाडी चालवत होता. समोर अचानक आलेल्या जग्वारला चुकवताना तो डावीकडे वळला, मागून आलेली मर्सिडीज तिच्यावर आदळून प्रेक्षकांत गेली आणि ऐंशीहून अधिक माणसं मेली. त्या काही सेकंदांचे फोटो जगभर छापले गेले. हीली पुढे दुरुस्त झाली, विकली गेली, कित्येक वर्षं एका कोठारात पडून राहिली, आणि डिसेंबर २०११ मध्ये लिलावात ८ लाख ४३ हजार पौंडांना गेली. ती तीच गाडी आहे हे ठरवण्यासाठी लोक ज्या फोटोंकडे वळणार त्यांत माणसं मरताना दिसतात. अशा फोटोत पत्र्याची रेघ शोधताना हात थांबायला हवा असं वाटतं, आणि तरीही रेघ शोधावीच लागते.

‘तीच गाडी’ म्हणजे काय हा प्रश्न १९९० साली लंडनच्या हायकोर्टातही गेला होता. ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटलीची स्पीड सिक्स, १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल माँ जिंकलेली. नंतरच्या वर्षांत तिचे इतके भाग बदलले होते की एक कोटी पौंडांचा सौदा झाल्यावर खरेदीदारांनी विचारलं, मूळ गाडी यात उरलीच कुठे? न्यायाधीशांनी भाग मोजले नाहीत. गाडीचा इतिहास कुठे तुटला आहे का ते पाहिलं. बदल होत गेले, पण धागा अखंड राहिला, म्हणून ती तीच गाडी. या निकालावर गाडीवाले अजून वाद घालतात. मला तो पटतो. म्हणून त्या अखंड धाग्यात टोपलीआड लपलेल्या पाटीच्या एखाद्या फोटोलाही जागा आहे.

आपल्याकडच्या अल्बमांनाही हे लागू पडतं. मुंबईत जुन्या गाड्यांच्या पाट्या ‘बीएम’ने सुरू व्हायच्या, मग एमआर, एमएम, आणि १९८९ पासून एमएच. घरातल्या एखाद्या फोटोत आजोबांच्या मित्राची उघडी गाडी असेल, मागे मलबार हिलचा उतार असेल, पाटीवर बीएम असेल, तर त्या पाटीवरून नोंदणी कधीची एवढंच कळतं. फोटो कधीचा ते नाही. मागे उभ्या असलेल्या टॅक्सीचं मॉडेल बघा, सिनेमाचं पोस्टर असेल तर त्यावरचं नाव वाचा. आणि फोटो अल्बमच्या काळ्या पानावर डिंकाने चिकटवलेला असेल तर ओढून काढू नका. पानासकट स्कॅन करा. पानावर शेजारी कुठला फोटो होता हीसुद्धा माहितीच असते.

त्या स्वानेजच्या फोटोचंही तेच. एका रोलवर बारा किंवा वीस फोटो निघतात. मुलगी दारातून बाहेर आल्यावर कुणीतरी टोपली उचललीच असेल, गवतावर चादर पसरली असेल, आणि कॅमेरा ज्याच्या हातात होता त्याने आणखी एक फोटो काढलाच असेल. तो फोटो त्याच खोक्यात असू शकतो, ‘मार्गेट’ किंवा ‘आई, ईस्टर’ असं काहीतरी मागे लिहिलेला, गाडीचा फक्त पुढचा कोपरा असलेला, म्हणून कुणी बाजूला न काढलेला. खोकं फुटकळ विकलं गेलं की ती बहीण-भावंडं वेगवेगळ्या हातांत जातात. म्हणून गाडीचा एक फोटो घेणाऱ्याने सगळं खोकंच मागावं. गाडी नसलेले फोटोही, समुद्राचे, कुत्र्याचे, केकचेही. कडेच्या पांढऱ्या पट्टीची रुंदी, कागदाचा पोत, मागचा कंपनीचा शिक्का यांवरून एका रोलचे फोटो एकत्र लावता येतात.

मागची पेन्सिल पुसायची नाही. ती चूक असली तरी त्या फोटोबद्दल त्याच्या घरच्या कुणी लिहिलेलं तेवढंच आहे. फोटोवर नवं काही लिहायचंही नाही, आणि बॉलपेनने तर कधीच नाही, त्याची रेघ पुढच्या बाजूने उमटते. फोटो आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवायचा आणि फोटो आत घालण्याआधी, रिकाम्या पाकिटावर, मऊ पेन्सिलीने लिहायचं: ट्रायम्फ टीआर२, लांब दारांची, १९५३-५४ ची बांधणी. फोटो १९६६ किंवा नंतर, स्वानेजच्या रस्त्यावर. पाटीचं दुसरं अक्षर पी, तिसरं बी, डी, ई, एफ, पी किंवा आर. शेवटचा आकडा सावलीत. पुढचं डावं मडगार्ड दुरुस्त केलेलं. दारापाशी मुलगी, नाव माहीत नाही.